सूनबाईसाठी लेन्स

९ जानेवारी

सूनबाई, तुझी तब्येत कशी आहे? भुवईवरचा टाका काढला का? काढल्यावर तिथे खाज सुटते, नख लावू नकोस. बटणचं नाक वाहायचं थांबलं का? झोपेत पांघरूण लाथाडते ती, पायात मोजे घालून निजव. तुझ्या ताईचे गुडघे कसे आहेत? तिच्या यजमानांचा खोकला? आणि तुझ्या कॅमेऱ्याचं कसं चाललंय? लेन्सवाचून तोंड उघडं टाकून बसला असेल बिचारा. झाकण लावून ठेव, आत धूळ जाते.

हे सगळं फोनवर विचारायचं होतं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून इथे विचारते.

दोऱ्याचा दुकानदार दरवर्षी एक डायरी फुकट देतो. मी तिच्यात गिऱ्हाइकांची मापं लिहिते. या वर्षी मापं पाठकोऱ्या कागदांवर लिहीन. रोजनिशी कशी लिहितात ते मला कोणी शिकवलेलं नाही. तसं मला कोणी काहीच शिकवलेलं नाही. शिवण बघून बघून आलं, वाचायला कपड्यांच्या मासिकांवरून शिकले, आणि मुलाने-सुनेने घरात फोटोंचा धंदा काढला तेव्हा कॅमेऱ्यांबरोबर आलेल्या पुस्तिका वाचून काढल्या. निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं. पण कॅमेऱ्याच्या धडाला ‘बॉडी’ म्हणतात आणि लेन्स काढून दुसरी लावता येते, एवढं तेव्हाच पक्कं झालं.

तर झालं असं. सूनबाई नातीला, आमच्या बटणला, घेऊन तिच्या ताईकडे निघून गेली. जाताना तिने आपली बॉडी नेली, कारण ती तिच्या कमाईची. लेन्स सगळ्या सोन्याच्या नावावर घेतलेल्या. त्याने तिच्या डोळ्यांदेखत बॉडीवरची लेन्स फिरवून काढली, बाकीच्यांबरोबर कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. सोन्या म्हणजे माझा मुलगा. चाळिशी आली तरी माझ्या तोंडून तेच नाव येतं.

भांडण कशावरून झालं विचारलं तर म्हणतो, “लेन्सवरून.” त्याला झूम हवी होती, तिला झूम नसलेली. एवढ्यावरून कोणी संसार मोडतं का? मी शिवणयंत्रावर होते, पडद्यांचं मोठं काम होतं. यंत्राच्या खडखडाटात काही ऐकू आलं नाही. बाहेर आले तर ती भुवई धरून उभी. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याची, म्हणजे तीन पायांच्या स्टँडची, दांडी लागली म्हणाली. मी बर्फ लावला. दुसऱ्या दिवशी बॅगा भरल्या होत्या.

येईल. रागावली आहे, राग उतरला की येईल.

१३ जानेवारी

आज सोन्याने माझ्या पाचही सुयांत दोरे ओवून ठेवले. न सांगता. माझ्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही हे त्याच्या बरोबर लक्षात असतं. असा मुलगा शोधून सापडणार नाही, आणि ती पोरगी त्याला सोडून गेली! दोघंही माझीच, कोणाला काय बोलू?

त्याच्या हातून कप फुटला. निसटला म्हणाला. हल्ली त्याच्या हातून फार गोष्टी निसटतात. कपाचे तुकडे पार समोरच्या भिंतीपाशी सापडले.

१७ जानेवारी

सूनबाईचा निरोप आला! फोन नाही, पण चार ओळी लिहिल्या आहेत. तिथल्या एका शाळेने तिला वर्षाचे वर्गवार फोटो काढायला सांगितलं आहे. आधी एका वर्गाचा नमुना काढून दाखवायचा, तो पसंत पडला तर सगळी शाळा तिची, आणि शाळेवाल्यांच्या ओळखीने पुढची कामंही. फेब्रुवारी संपेपर्यंत मुदत आहे. खाली लिहिलंय, “आई, लेन्स नाही. भाड्याने मिळते का बघतेय. काळजी करू नका.”

काळजी करू नका म्हणे. मग लिहिलं कशाला?

सोन्याला म्हटलं, “अरे, एक तरी लेन्स दे तिला. तू आता मोबाईलच्या दुकानात नोकरी धरलीस, तुला काय उपयोग?”

तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, “आई, तू मध्ये पडू नकोस. कॅमेरा आंधळा आहे तोवर ती तिथे काय खाणार? बहीण किती दिवस पोसेल? येईल आपोआप.”

“आणि काम हातचं गेलं तर?”

“गेलं तर लवकर येईल.”

बोलला ते खरं की खोटं, माझा जीव गोंधळला. ती यावी हे तर मलाही हवंय. पण अशी? उपाशी पाखरू खिडकीत येतं तशी?

मी ठरवलंय. लेन्स मी घेणार. पडद्यांचं आणि खुर्च्यांच्या खोळींचं काम आलंय, त्याचे पैसे त्यातच घालीन. तिचं काम होऊ दे. तिला कळू दे की या घरात तिचं कोणीतरी आहे. मग तिलाच वाटेल, परत जावं.

१९ जानेवारी

बस बदलून जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. काचेच्या कपाटात लेन्सच लेन्स, एकीकडे तोंड करून उभ्या. दुकानदाराचा एक चष्मा नाकावर, एक कपाळावर. मी मनात त्याचं नाव लेन्सवाला ठेवलं.

“कुठल्या कॅमेऱ्याला हवी, मावशी?”

कंपनीचं नाव मला पाठ आहे. सूनबाईच्या कॅमेऱ्याचा पट्टा मानेला रुतायचा, म्हणून मीच त्याला आतून मऊ अस्तर लावून दिलं होतं. पट्ट्यावर ते नाव विणलेलं. मी नाव सांगितलं.

“मॉडेल?”

“ते नाही ठाऊक. काळा आहे.”

“काळा!” तो हसला. “मावशी, इथे सगळेच काळे. आरसा असलेला की बिनआरशाचा?”

मला वाटलं, चेष्टा करतोय. कॅमेऱ्याला आरसा कशाला लागतो? वेणीफणी करायची आहे का त्याला? माझ्या पुस्तिकांतल्या एका चित्रात आरसा पाहिल्यासारखा वाटला, म्हणून बेधडक म्हटलं, “आरशाचा.”

त्याने एक लेन्स काढली. जड, थंड, हातात घेतली की चांगल्या कात्रीसारखी वाटणारी. त्याच कंपनीची. मी म्हटलं, घर एक तर बसेल का नाही? एका कंपनीच्या यंत्राची बॉबिन त्याच कंपनीच्या दुसऱ्या यंत्रात चालते.

“चालते?” लेन्सवाला म्हणाला. “नक्की विचारून या, मावशी. ही लेन्स आहे, बटण नाही. अंदाजाने बसत नाही.”

विचारायचं म्हणजे तिला आधीच कळणार. मला अचानक द्यायची होती. शिवलेल्या पिशवीत घालून पार्सल केलं. पिशवीला आतून मखमल लावली.

२६ जानेवारी

बसली नाही.

“आई, तुम्ही हे का केलंत?” असं सुरू करून लिहिलंय की ही लेन्स जुन्या माउंटची आहे. माउंट म्हणजे लेन्स जिथे अडकते ती कडी. कंपनीने बिनआरशाचे कॅमेरे काढले तेव्हा कडीच बदलली. जुनी लेन्स नव्यावर लावायला मध्ये अडॅप्टर लागतो, आणि ही लेन्स इतकी जुनी आहे की अडॅप्टर लावूनही आपोआप फोकस होणार नाही. चुळबुळणाऱ्या मुलांच्या वर्गात ते जमायचं नाही.

शेवटी लिहिलंय, “पिशवी मी ठेवून घेतली.”

पिशवी ठेवून घेतली, म्हणजे माझ्यावर राग नाही. तेवढं पुरे. पण लेन्सचं काय? एवढी हौसेने पाठवली ती पाहुण्यासारखी परत आली. दिवसभर हातून धड काम झालं नाही. एक बाही उलटी जोडली, उसवली, परत उलटीच जोडली.

३० जानेवारी

लेन्सवाल्याने बदलून द्यायचं कबूल केलं. भला माणूस. या वेळी मी सगळं लिहून नेलं होतं: बिनआरशाचा, नवं माउंट.

“शाब्बास,” तो म्हणाला. “आता सांगा, फुल फ्रेम की क्रॉप?”

माझा चेहरा बघून त्याने समजावलं. कॅमेऱ्याच्या पोटात फोटो पकडणारी एक काच असते, ती काहींत मोठी असते, काहींत लहान. दोन्हींना माउंट तेच. “सांगा, मोठं हवं की छोटं?”

मी म्हटलं, “छोटं द्या. तिचे हात लहान आहेत.”

त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि नाकावरचा कपाळावर सरकवला. “मावशी, हातांचा काय संबंध?”

“जड लेन्स धरून तिचा खांदा दुखतो. डाव्या हाताने वर काही उचलता येत नाही तिला. मागे एकदा दारात सापडला होता हात.”

“तुमच्या घरात दारं फार लागतात वाटतं,” असं म्हणून तो लेन्स पुसू लागला. मी सांगितलं, आमचं दार जरा घट्ट बसतं.

“लग्न जमवताना तरी कोणी एवढी चौकशी करत नाही,” तो म्हणाला, “जेवढी तुम्ही एका लेन्ससाठी करताय.”

“करायला हवी,” मी म्हटलं. दोघंही हसलो.

छोटी, हलकी लेन्स घेतली. दुसऱ्या कुठल्या कंपनीची आहे, पण याच माउंटसाठी केलेली. या वेळी चूक होणार नाही.

५ फेब्रुवारी

बसली! खटकन बसली म्हणून बटणने स्वतः मला आवाज पाठवला: “आजी, टक् झालं!” मी यंत्र थांबवून चारदा ऐकलं.

संध्याकाळी फोटो आला. बटण खुर्चीत बसली आहे, हातात चमचा. पण चारही कोपऱ्यांत काळोख. मधे गोल उजेड आणि त्यात माझी नात, जशी दाराच्या भोकातून बघावी. खाली सूनबाईने लिहिलंय, “आई, ही लहान काचेच्या कॅमेऱ्याची लेन्स आहे. माझा मोठ्या काचेचा. कडेची मुलं अंधारात जातील. कडा कापून टाकल्या तर फोटो मोठा करता येणार नाही, आणि शाळेला मोठा हवाय.”

म्हणजे मी ‘मोठं’ म्हणायला हवं होतं. हातांचा संबंध नव्हताच.

बटणचा आणखी एक आवाज आहे. “आजी, इथे दार जोरात वाजत नाही. मी झोपते. तू पण ये.”

मी सोन्याला ते ऐकवलं नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. त्याला मुलीची आठवण येऊन वाईट वाटेल म्हणून असेल.

पण फोटो दाखवला. त्याने बराच वेळ बघितला. मग म्हणाला, “तू लेन्स पाठवतेस तिला?”

“हो.”

“माझ्या पाठीमागे.”

“अरे, तुझ्याच बायकोला पाठवते, परक्याला नाही.”

माझा फोन त्याने खाली ठेवला, अगदी हळू. आणि मला उगीच वाटलं, आदळला असता तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी

आज बुद्धी सुचली. मी बटणं ज्या खोक्यात ठेवते ते खोकं मुळात सूनबाईच्याच लेन्सचं! तिच्या आवडत्या लेन्सचं, झूम नसलेल्या. कडेला सगळं छापलंय, अक्षर न् अक्षर. महिनाभर मी त्यात हात घालून बटणं काढतेय आणि बाहेर लेन्स शोधत हिंडतेय!

सगळी बटणं ओतली आणि रिकामं खोकं घेऊन बस पकडली. लेन्सवाल्याने ते नाकाजवळ धरून वाचलं. “हे असं आणायचं असतं, मावशी! आता देवसुद्धा चुकवू शकणार नाही.” तीच लेन्स त्याच्याकडे होती, कोणीतरी कंटाळून विकलेली. त्याने आपल्या बॉडीवर लावून मला दाखवली: समोरच्या भिंतीवरची वीटन् वीट, वीज-मीटरवरचा आकडा, सगळं लख्ख.

पार्सलमध्ये बटणसाठी लाल झगा घातला. गेल्या वर्षीच्या मापाला दोन बोटं वाढवून शिवलाय. वाढली असेल ना ती.

सोन्याने आज विचारलं, “कुठे गेली होतीस?” मी म्हटलं, दोरे आणायला. म्हाताऱ्या बाईने स्वतःच्या मुलाशी खोटं बोलावं, असं काय झालंय या घरात?

१५ फेब्रुवारी

अर्ध्या वर्गाचे चेहरे फिसकटलेत.

तिने नमुन्याचा वर्ग काढला. फोटो मला पाठवलाय. उजवीकडची मुलं अशी स्वच्छ की कोणाचा दात पडलाय तेही दिसतं. मधली ठीक. डावीकडे सरकावं तसं सगळं पुसट, शेवटच्या मुलाला तर चेहराच नाही, ओल्या कागदावर शाई सांडल्यासारखं. काळोख नाही, लेन्स नीट बसते, माउंट तेच, काच तीच. मग हे काय?

मुदत संपायच्या आत पुन्हा काढून देते, असं तिने शाळेला सांगितलंय. लिहिलंय, “आई, तुमची चूक नाही. तुम्ही आता लेन्स पाठवू नका.”

माझी नाही तर कोणाची? लेन्सवाल्याने मला गंडवलं का? मला कळत नाही म्हणून बिघडलेला माल बांधून दिला? दुपारभर मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग रडले. कशातच यश नाही. मी जे जे हातात घेते त्याचा विचका होतो, आणि मी मात्र इथे बसून म्हणते की माझ्या लेन्समुळे पोरगी परत येईल.

१६ फेब्रुवारी

लेन्सवाला शपथेवर सांगतो की लेन्स निर्दोष आहे. “तुम्ही स्वतः बघितलीत की, मावशी. एकाच बाजूला पुसट येतं म्हणजे लेन्स सरळ बसत नाही. आणि लेन्स ठीक असेल तर तिच्या बॉडीचं तोंड वाकलंय. माउंटची कडी केसभर जरी एका अंगाला दबली ना, तर जगातली कुठलीही लेन्स लावा, तसंच येणार.”

“कुठलीही?”

“कुठलीही. तुम्ही महिनाभर लेन्स शोधताय, पण दोष लेन्समध्ये नव्हताच. विचारा तिला, कॅमेरा कधी पडला?”

घरी येऊन आधी सोन्याला विचारलं. तो बूट काढत होता.

“पडला नाही कधी,” तो म्हणाला. मग बुटाची नाडी सोडता सोडता थांबला. “पाडला असेल तिनेच. तिथे गेल्यावर. मला कशाला विचारतेस?”

“सहज.”

“सहज काही विचारत नाहीस तू.” आणि हसला. चांगला हसला, लहानपणीसारखा.

१७ फेब्रुवारी

आज तिने फोन उचलला. मी सलग लावत होते, कंटाळून उचलला असेल.

“आई, बोला.”

तिचा आवाज ऐकल्यावर मी ठरवलेलं सगळं विसरले. तब्येत विचारली, बटणचं विचारलं, झगा बसला का विचारलं. झगा आखूड झालाय. दोन बोटं पुरली नाहीत.

मग म्हटलं, “अगं, तुझ्या बॉडीचं तोंड वाकलंय म्हणतो तो दुकानवाला. कधी पडला गं कॅमेरा?”

मागे कुठेतरी बटण गाणं म्हणत होती.

“पडला नाही, आई.”

“मग कसा वाकला?”

“डोळ्याला लावला होता मी.”

“म्हणजे?”

“आई, मी डोळ्याला लावला होता. खिडकीतून बाहेरचा उजेड बघत होते.” मग म्हणाली, “जाऊ द्या. तुम्ही औषधं वेळेवर घेता ना?” आणि ठेवला.

डोळ्याला लावलेला कॅमेरा कसा वाकेल? पडला नाही, आपटला नाही, हातातच होता. मला काही उमगलं नाही. उद्या लेन्सवाल्याला विचारते.

१८ फेब्रुवारी

लेन्सवाल्याच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, “मला एकदा कॅमेरा धरायला शिकवा. ती धरते तसा.”

त्याने लेन्स लावलेली बॉडी दिली. उजवा हात इथे, डावा लेन्सखाली, कोपरं अंगाशी. “आता डोळा लावा, मावशी. घट्ट. भिऊ नका, चावत नाही.”

मी डोळा लावला. बघायच्या भोकाची वरची कड भुवईला टेकली. बाहेरच्या कोपऱ्याला, जिथे केस संपतात तिथे. तिथेच मी बर्फ धरला होता. बरोबर तिथेच. तिकाटण्याची दांडी तिथे कशी लागेल? दांड्या कमरेच्या वर येत नाहीत.

मी तशीच उभी राहिले. समोर भिंत लख्ख दिसत होती.

“आता समोरून कोणी लेन्सवर हाणलं तर?” मी विचारलं.

त्याने माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला, स्टूल पुढे केलं आणि पाणी दिलं. “माउंट वाकायला फार जोर लागतो, मावशी,” एवढंच म्हणाला.

म्हणजे त्याला आधीच ठाऊक होतं. दारं फार लागतात म्हणाला तेव्हाच. सगळ्यांना ठाऊक होतं. बटणलाही.

१९ फेब्रुवारी

सोन्याने आज परत पाच सुया ओवून ठेवल्या. मी त्याचे हात बघत होते. किती नाजूक धरतो दोरा, ओठांनी टोक ओलं करून.

“काय बघतेस?” तो म्हणाला.

“काही नाही.”

मला वाटलं होतं राग येईल. राग आला तर बरं. मला नुसतं थंड वाटतंय, पायापासून वर. हा माझाच आहे. दुसरा कोणाचा म्हणू त्याला?

२१ फेब्रुवारी

सोन्या कामावर गेला आणि मी कपाट उघडलं. कुलपाला हात लावला नाही. शिवणयंत्राचा बारका पेचकस घेतला आणि बिजागरीचे स्क्रू एकेक काढले. दार कुलपासकट बाजूला ठेवलं, भिंतीला टेकवून.

आत त्याची स्वतःची बॉडी होती, सूनबाईच्या बॉडीसारखीच, आणि सगळ्या लेन्स. मी तिची आवडती लेन्स त्याच्या बॉडीवर लावली. टक् झालं. खिडकीतून समोरच्या घराचा फोटो काढला आणि मोठा करून डावीकडून उजवीकडे सगळा तपासला. कुठे पुसट नाही. लेन्स आणायला तीन खेपा केल्या मी, आणि जुळणारी जोडी इथेच होती, दहा पावलांवर.

सगळं जुन्या पडद्यांत गुंडाळून पार्सल केलं आणि देऊन आले. आता कपाट रिकामं आहे, दार भिंतीला टेकून आहे. मी ते परत बसवणार नाही. तो संध्याकाळी येईल आणि बघेल. मी त्याची आई आहे, मला काही करणार नाही, असं मी परवापर्यंत लिहिलं असतं. आज लिहवत नाही. शेजारणीला सांगून ठेवलंय, दार वाजलं तर ये म्हणून. तिने का ते विचारलं नाही. तिलाही ठाऊक असणार.

पार्सलमध्ये चिठ्ठी घातली, ती इथे उतरवून ठेवते.

सूनबाई,

हा कॅमेरा आणि या लेन्स एकमेकांना बसतात. मी लावून, फोटो काढून बघितलंय. पार्सल मिळालं की लगेच वर्गाचा फोटो परत काढ, आणि कडेच्या मुलांना मधे घेऊ नकोस, जिथे उभी असतील तिथेच राहू दे. सगळ्यांचे चेहरे येतील.

तुझी वाकलेली बॉडी दुरुस्त होईल असं तो दुकानदार म्हणतो. करू नकोस. आहे तशी, झाकण लावून, माझ्या मखमलीच्या पिशवीत ठेव. पुढे कधी कोणी अधिकाऱ्याने विचारलं तर ती दाखवायला लागेल, आणि मलाही बोलव. बर्फ कुठे धरला होता ते मी सांगीन.

बटणचं नवं माप पाठव. या वेळी अंदाजाने शिवणार नाही.

परत ये, परत ये असं मी महिनाभर मनात घोकत होते, आणि लेन्स पाठवत होते ती त्याचसाठी. ते सगळं मी मागे घेते. येऊ नकोस. मी कितीही आजारी आहे असं त्याने कळवलं, तरी येऊ नकोस.

फोन करू नकोस, माझा फोन तो बघतो. घरच्या पत्त्यावरही लिहू नकोस. पार्सलवर मागच्या बाजूला कॅमेऱ्याच्या दुकानाचा पत्ता घातलाय. दुकानदार म्हणाला, मावशी, तुमचं पत्र आलं तर लेन्सच्या कपाटात ठेवीन. मी दर शनिवारी जाईन.

दोनच ओळी लिही, पण लवकर लिही.

तुझी,
आई